अठरा, छत्तीस आणि मधलं

रेल्वे लाईन्समधल्या त्या दवाखान्याचा जिना
मी तीनदा उतरलो आणि चौथ्यांदा चढलो.
पाटीवर ठळक अक्षरांत 'मनोविकार'
आणि समोर चहाच्या गाड्यावर
आमच्याच गल्लीतला यल्लप्पा, बशीत फुंकर मारत.

डॉक्टर हत्तुरे बाई, वयानं माझ्याहून लहान.
म्हणाल्या, शाळेपासून सांगा.
शाळेचं काय सांगू?
दाजी पेठ, वर्गाबाहेरचा खांब,
त्याचे चुन्याचे पोपडे मला पाठ आहेत.
पाढे नाहीत.

आता त्रेचाळीस. कटिंग मास्तर.
जूनच्या आधी शंभर-शंभर थरांवर मशीन फिरवतो,
गणवेशाचं कापड, निळं, खाकी, परत निळं.
एका मंगळवारी चौतीसच्या गठ्ठ्यावर
मी बत्तीसचा मार्क ठेवला.
दोनशे शर्ट.
शेठ ओरडला नाही,
नुसता खाली बसून चिंध्या मोजत राहिला.

फी हजार. शर्टामागं मला चार रुपये.
म्हणजे अडीचशे शर्ट कापायचे
आणि पंधरा मिनिटं बोलायचं.
सिव्हिलला विचारलं होतं आधी.
पोराला घेऊन या, म्हणाले.
मी म्हणालो, पोर मीच आहे.

पहिल्यांदा दहा.
काही नाही. तोंड कोरडं पडलं फक्त,
पण एप्रिलात सोलापुरात
ओलं कुणाचं असतं?

मग अठरा.
अकराच्या सुमारास पंख्याचा आवाज
आपण होऊन मागं सरकला
आणि मी विजूचं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकलं:
उद्या नळाला पाणी येणार, पहाटे मोटर लावा.
लावली.
टाकी भरायचा आवाज ऐकत ती दारात उभी राहिली,
काही बोलली नाही.
दुपारी तीनला मात्र डोक्यात
गड्ड्याची जत्रा परत भरली,
पाळण्यांसकट.

म्हणून छत्तीस.
छातीत यंत्रमाग. कापड दिसायचं,
कापडापलीकडची माणसं दिसायची नाहीत.
कडक भाकरी, शेंगाचटणी,
सगळं पुठ्ठा चावल्यागत.
भागीनं रिबिनीचं फूल करून दाखवलं.
मी म्हणालो, बाजूला ठेव.
विजूच्या वहीत त्या दिवशीचं असं आहे:
'गुरुवार. झोप तीन तास. कामात चूक नाही.
पोरीवर आवाज चढवला नाही.
चढवला असता तर बरं.'

बाईंनी वही दोनदा वाचली.
मधलं सत्तावीस असतं, पण मुजावर मेडिकलला नव्हतं.
पुण्याहून मागवू, आठ दिवस लागतील.
चिठ्ठीची एक प्रत तो ठेवून घेतो,
रजिस्टरात नाव, पत्ता, सही.
माझी सही दर वेळी निराळी येते.
तो चष्म्यावरून बघतो.
मी म्हणतो, भाई, ह्याच्यासाठीच तर घेतोय.

तोवर सकाळी अठरा, दुपारी दीडला दहा.
आम्हीपण पहिला नग असाच काढतो, मी म्हणालो,
कच्चा धागा घालून, अंगावर लावून,
खांद्यात सोडायचं, पोटात दाबायचं.
पक्की शिलाई कधी, बाई?
त्यांनी पुढची तारीख लिहिली.
आणखी अडीचशे शर्ट.

रविवारी घेऊ नका, एवढं सांगितलं.
त्या रविवारी मोटर राहिली.
कंबर तलावाला जायचं म्हणून निघालो,
वाटेत सायकलचं दुकान बघितलं, मग कबुतरं,
मग एका अनोळखी म्हाताऱ्याशी
चाकाच्या तारा किती असतात यावर अर्धा तास.
तलाव राहिलाच.
भागी माझ्या बोटाला लोंबकळत हसत होती.

आता शनिवारी रात्री ती हळूच विचारते,
अप्पा, उद्या गोळी नाही ना?

झोप, भूक, राग, काम:
वहीत रकाने चारच आहेत.
हे कशात लिहायचं,
विजू पेन धरून बसली आहे.